वही काढून घेण्याआधी

पत्र:

ताई, मी परभणीला कृषीची पदवी घेतली. सध्या लातूर-धाराशिवच्या शिवेवर एका साखर कारखान्यात उपशेतकी अधिकारी आहे. कारखाना आधी सहकारी होता. मधे चार हंगाम बंद राहिला, मग खासगी मालकाने घेतला. माझ्या हाताखाली ४३ चिटबॉय आहेत, म्हणजे गावोगाव फिरून उसाची नोंद घेणारी आणि तोडणी बघणारी माणसं. यंदा जूनपासून उसाची नोंद वहीत न करता मोबाइल ॲपवर करायची, शेताच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर उभं राहून जीपीएसने क्षेत्र मोजायचं आणि तोडणीचा क्रम संगणकाने लावायचा, असं ठरलं. एक दिवस ट्रेनिंग झालं, प्रत्येकाला मोबाइल दिला. अडीच महिने झाले, निम्म्यासुद्धा नोंदी आल्या नाहीत. कुणी म्हणतं रेंज नाही, कुणी म्हणतं चार्जिंग उतरतं. ग्रुपवर सूचना टाकली की ४३ जण बघतात, उत्तर एकाचंही नाही. आणि प्रत्येकाच्या गाडीच्या डिकीत जुनी वही आहेच.

त्यांच्यात सगळ्यांत जुने आम्ही ज्यांना मामा म्हणतो ते. २७ वर्षं नोकरी. उलटं बोलत नाहीत. मीटिंगला येतात, मागच्या खुर्चीवर बसतात, "बघू सायेब" म्हणतात आणि जातात. त्यांची एकही नोंद नाही. बाकीचे त्यांच्याकडे बघून थांबलेत. जनरल मॅनेजर म्हणतात, पाच जणांना नोटीस काढा, पहिली मामांना, बाकीचे आपोआप सरळ होतील. नोटिशी टाइप होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. ॲप खरंच चांगलं आहे, ताई. वशिल्याची तोड थांबेल, गरिबाचा ऊस वेळेत जाईल. चांगल्या गोष्टीला ही माणसं आडवी कामून जातात? मी सही करू का?

उत्तर:

सही करू नका. निदान हा महिना संपेपर्यंत तरी नाही. का, ते सांगते, पण थोडं लांबून यावं लागेल.

माझे सख्खे मामाही चिटबॉय होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो तेव्हा हंगाम नुकताच संपलेला असायचा आणि त्यांची वही देवळीत ठेवलेली असायची. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, सायकलची ट्यूब कापून केलेल्या रबराने बांधलेली. आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. अर्थात मी लावला. आत शाईने आखीव रकाने: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. हे कारखान्याने मागितलेलं. आणि कडेच्या मोकळ्या पट्टीत पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कारखान्याने कधीच न मागितलेलं. "नाव थोरल्याचं, ऊस धाकट्याचा." "पांद बंद, देशमुखाचा फड निघाल्यावर." "बोअर संक्रांतीला आटतं." "बाई एकटी. एंट्री देणं होत नाही, टोळी आपण बोलून घालणे." (टोळी म्हणजे ऊसतोड मजुरांचा गट, एंट्री म्हणजे तोडणी-वाहतूकवाल्यांना द्यावे लागणारे वरचे पैसे.)

तुम्ही कृषीचे आहात, यातली प्रत्येक ओळ म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. तरी एकेक बघू. आपल्याकडे किती सातबारे सामाईक आहेत आणि किती वाटण्या तोंडी झालेल्या आहेत? ॲपमध्ये सातबाऱ्यावरचं नाव टाकलं की बिल थोरल्याच्या खात्यावर जाणार आणि भांडण फडात कोयता चालू असताना होणार. दुसरी ओळ घ्या. संगणक लागणीची तारीख बघून क्रम लावतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. कागदावर अगदी न्यायाचं. पण त्या शेताला वाटच नसेल, शेजारचा फड उभा असेल, तर ट्रॅक्टर आत जाणार कुठून? टोळी जाऊन बसेल, ऊस तोडला तर बांधावर वाळत पडेल, वजन आणि साखर दोन्ही घटतील. हे तुमच्या मामांना माहीत आहे. तुमच्या संगणकाला माहीत नाही, कारण ते लिहायला त्यात जागाच ठेवलेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट, ही माणसं मोबाइलला घाबरलेली नाहीत. रात्री रील बघतात, लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव सकाळी चहाच्या आधी बघतात, पोराची फी मोबाइलवरून भरतात. "वयामुळे जमत नाही" हे कारण तुमचे जीएम देत असतील तर ते मनातून काढून टाका. पेन्सिलीने लिहिलेली ती पट्टी नाहीशी होतेय, म्हणून ते थांबलेत. आणि हे त्यांना तुम्हाला सांगता येत नाही, कारण ती पट्टी मुळात अधिकृत नव्हतीच.

आता दुसरी गोष्ट. चिटबॉयला पगार काय मिळतो ते तुम्ही जाणता. पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सकाळी सहाला त्याच्या दारात चार माणसं उभी असतात. "आबा, आमचं कवा?" आपल्या भागात या प्रश्नात सगळा जीव अडकलेला असतो. जानेवारीनंतर विहीर, बोअर खाली जातात. एक महिना तोड लांबली की ऊस वाळतो, तुरे येतात, वजन जातं, आणि त्यामागून घ्यायचं पीकही जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या हंगामात ज्याने उभा ऊस डोळ्यांसमोर जळताना बघितला, तो माणूस तोडीची तारीख विसरत नाही. अशा वेळी वही हातात असलेला माणूस म्हणू शकत होता, "बघतो, काहीतरी करतो." त्या "बघतो"मध्ये त्याची गावातली पत होती, आणि त्याचा आडोसाही होता. उद्या क्रम संगणक लावणार. पण सकाळी सहाला माणसं संगणकाच्या दारात जाणार नाहीत. ती मामांच्याच दारात येणार, आणि मामांच्या हातात काहीच नसणार. ठरवायचा अधिकार काढून घेतला आणि जाब द्यायची जबाबदारी मात्र तिथेच ठेवली, तर कुठलाही शहाणा माणूस मागे सरकेल. तुम्ही आणि मीसुद्धा.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात एका वाक्यात आलीय: "मधे चार हंगाम बंद राहिला." मी पत्र वाचताना तिथेच थांबले. ते चार हंगाम मामांनी कसे काढले, तुम्हाला माहीत आहे का? थकलेला पगार मिळाला का? फंडाचे पैसे भरले होते का? घरातलं काय विकावं लागलं? त्या वेळीही कुणीतरी स्टेजवरून सांगितलंच असेल की कामगारांनी काळजी करू नये. ज्यांनी हे एकदा ऐकलंय, त्यांना आता नवा मालक एक मोबाइल देतो आणि सांगतो की तुमचं काम सोपं होईल. ते ऐकताना काय ऐकतात? ४३ जणांचं काम १५ जणांत होईल. यात जे हंगामी आहेत, बंद काळात रिटेन्शनवर, म्हणजे हंगाम नसताना मिळणाऱ्या थोड्याशा भत्त्यावर, दिवस काढतात, त्यांना तर हे आधी ऐकू येतं. तुम्ही असं म्हणाला नाहीत, मान्य. पण असं होणार नाही, हेही कुणी म्हणालेलं नाही. या गप्प राहण्याचा अर्थ गावात एकच लावला जातो.

चौथी गोष्ट लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लपवणार नाही. तुमच्या ४३ मध्ये काहीजण पैसे घेऊन तोड पुढेमागे करत असतील. तुम्ही "वशिल्याची तोड" लिहिलंय म्हणजे तुम्हाला नावंही माहीत असणार. त्यांचा विरोध खरा स्वार्थाचा आहे आणि तो मोडायलाच हवा. पण आज ते मामांच्या पाठीमागे उभे आहेत. पहिली नोटीस मामांना दिली की बाकीचे सगळे त्या चार-पाच जणांच्या बाजूला जातील. ज्यांच्यासाठी तुम्ही हा बदल करताय तो गरीब शेतकरीही मामांच्याच बाजूने बोलेल, कारण "टोळी आपण बोलून घालणे" हे त्याच्यासाठी मामांनीच केलेलं असतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः अशी सही केलेली आहे.

वाळूजच्या एका कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होते. गेटवर अंगठ्याचं मशीन बसलं. त्याआधी टाइमकीपर रजिस्टरमध्ये वेळ लिहायचा. मशीन आलं त्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या काचेवर गोंद लावला. मग काचेला चरे पडले. मग रोज वीस-पंचवीस जण "अंगठा लागला नाही" म्हणून रांग अडवू लागले. मला हे सरळसरळ खोडसाळपण वाटलं. वरून दबाव होता, मी तिघांना नोटीस दिली. त्यातला एक ग्राइंडिंगवर होता, गंगापूरकडचा, १४ वर्षं नोकरी. तो माझ्या टेबलासमोर आला, काही बोलला नाही, उजवा अंगठा पुढे केला. गुळगुळीत होता. इतकी वर्षं लोखंड घासून त्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. मशीन त्याला ओळखतच नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ओळखायचं, तोवर वेळ होऊन जायची आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा.

मग खोदत गेले तेव्हा पुढचं कळलं. गंगापूरहून येणारी बस सातच्या शिफ्टला सात वाजून पाच-सात मिनिटांनी पोहोचायची. कित्येक वर्षं. टाइमकीपर त्या बसच्या सगळ्यांची वेळ सात लिहायचा. कुठल्या नियमात नव्हतं, कुणी आदेश दिला नव्हता. कारखाना त्यावर सुरळीत चालला होता. मशीन आलं आणि ती सूट गेली, आणि आमच्या ऑफिसात कुणाला हेही माहीत नव्हतं की काही जाणार आहे. पुढे आम्ही मशीनमध्ये दहा मिनिटांची सूट टाकली, ग्राइंडिंगवाल्यांना कार्ड दिलं, बसवाल्याशी बोललो. एका दुपारचं काम होतं. पण तोवर तो माणूस काम सोडून गेला होता. नोटिशीची प्रत त्याच्या फाइलला लावलेली, त्यावर माझी सही. ती मी आजही विसरलेले नाही.

तुमच्या जीएमसाहेबांना अनुभवापेक्षा पुरावा लागत असेल, तर दोन जुनी उदाहरणं सांगा. दोन्ही कारखान्यांतलीच आहेत.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवायचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की तिथले कामगार, बहुतेक बायका, चिडायच्या, काम मंद करायच्या, सोडून जायच्या. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे प्रयोग केला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध केला. बदल अगदी किरकोळ होते. इस्त्री करणाऱ्या एका गटाला पायजम्यांची चळत आतापर्यंत सपाट पुठ्ठ्यावर रचायची होती, ती आता खोक्यात रचायची होती. या गटाला ऑफिसने नवी पद्धत आणि नवा दर सांगून टाकला. काम घसरलं ते वर आलंच नाही, आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. दुसऱ्या काही गटांना आधी बसवून बदल का लागतोय ते दाखवलं आणि नवी पद्धत, नवा दर ठरवताना सगळ्यांना सामील करून घेतलं. त्यांचं काम थोडे दिवस खाली गेलं, मग पूर्वीपेक्षा वर गेलं. त्या ४० दिवसांत त्यांच्यातून एकानेही काम सोडलं नाही. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, बिघडलेल्या गटातले उरलेले १३ जण घेतले, आणि पुढच्या बदलात त्यांना सामील करून घेतलं. तेही पटापट वर आले. माणसं तीच होती. जीएम म्हणतील "आपली माणसंच तशी आहेत", तेव्हा हे १३ जण त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आणले. यंत्रं नवी, तरी उत्पादन वाढेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक या, माणसं आणि त्यांचं काम यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी बघितलं की नव्या मागांबरोबर कामाचे बारीक तुकडे केलेत. प्रत्येक माणूस एकच तुकडा सगळ्या मागांवर फिरून करतोय, आणि एका मागाची पूर्ण जबाबदारी कुणाचीच नाही. छोट्या टोळ्या करून प्रत्येकीला ठरावीक माग द्यावेत, अशी कल्पना त्यांनी मांडली. टोळ्या कुणी कशा करायच्या, ते कामगारांनी आणि त्यांच्या मुकादमांनी आपसांत ठरवलं आणि लगेच अमलात आणलं. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. यंत्राला त्यांचा विरोध नव्हताच. यंत्राबरोबर त्यांच्या कामाची जी मोडतोड झाली होती, तिच्यामुळे ते अडले होते. तुमच्याकडे तंतोतंत हेच चाललंय असं मला वाटतं.

हारवुडच्या प्रयोगामागे कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा विचार होता. त्याचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. चिखलात गाडी अडली तर बैलाला चाबूक मारायच्या आधी खाली उतरून चाकापुढे काय आहे ते बघावं. चाबकाने जोर वाढतो, पण दगड तिथेच असतो, आणि जू मात्र मोडू शकतं. नोटीस हा चाबूक आहे. तुम्ही अजून खाली उतरून बघितलेलं नाही.

तर उतरा. मामांबरोबर एक पूर्ण दिवस त्यांच्या गटात, म्हणजे त्यांच्याकडच्या गावांत, फिरा. ऑफिसच्या जीपने नको, त्यांच्या गाडीवर मागे बसून. आणि "अडचण काय आहे?" असं विचारू नका. "काय नाही सायेब" एवढंच मिळेल. आपल्याकडे जुना माणूस वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणत नाही. "बघू" हाच त्याचा नकार असतो, आणि तो तुम्हाला अडीच महिन्यांपासून मिळतोय. त्याऐवजी शेताच्या बांधावर उभं राहून विचारा, "संगणकाने हा फड पहिल्या आठवड्यात लावलाय. लावू का?" मग बघा ते काय काय सांगतात. सांगत असताना लिहून घ्या, त्यांच्यासमोर. दुपारी त्यांच्या घरी भाकरी खा. ते बंद हंगामांचं विचारायचं तर तिथे, हात धुऊन झाल्यावर. उत्तर द्यायची घाई करू नका, तुमच्याकडे ते असणारही नाही.

त्यानंतर सहा-सात चिटबॉय, तुम्ही आणि ॲप करणाऱ्या कंपनीचा माणूस, एवढेच बसा. जीएमना बोलवू नका. मोठ्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही, हे तुम्ही बघितलंच आहे. निवड मात्र तुमच्या मर्जीतल्यांची नको. मामा हवेत, दोन तरुण हवेत, आणि सगळ्यांत जास्त कुरकुर करणारा एक हवाच. वह्या टेबलावर उघडा आणि पेन्सिलीचे शेरे मोठ्याने वाचा. त्यातून ॲपमध्ये काय घालायचं ते ठरेल. माझ्या अंदाजाने वाट, पाणी, वाटणी आणि टोळी असे चार-पाच प्रकारचे शेरे लागतील, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाचा वेगळा रकाना. रेंज नसताना नोंद फोनमध्ये साठून राहावी आणि रेंज आली की आपोआप जावी, ही सोय आहे का तेही त्याच बैठकीत विचारा. "रेंज नाही" हे कारण प्रत्येक वेळी बहाणाच असतो असं नाही. डोंगराकडच्या गावांत तुम्ही स्वतः फोन लावून बघा.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम मात्र क्रमाबद्दलचा. संगणकाने क्रम लावावा, पण चिटबॉयला तो बदलता यावा, कारण लिहून. आणि ते कारण गट ऑफिसच्या फळ्यावर रोज लागावं: कुणाचा फड मागे गेला, कुणाचा पुढे आला, का, कुणी केलं. यात मामांना त्यांचा "बघतो" परत मिळतो, उजळ माथ्याने. आणि पैसे घेऊन तोड फिरवणाऱ्याला रोज फळ्यावर खोटं कारण लिहावं लागतं, सगळ्या गावासमोर. गाव ते आठवडाभरात पकडेल, तुमच्या नोटिशीच्या आधी. नोटीस द्यायचीच तर तेव्हा त्याला द्या. तेव्हा तुमच्या बाजूने बाकीचे उभे राहतील.

जीपीएसबद्दल एक. लोकांना शंका आहे की हा फोन शेत मोजायला दिलाय की माणूस कुठे बसलाय ते बघायला. कंपनी हजेरीसाठी ते वापरणार नसेल तर कागदावर तसं द्या. वापरणार असेल तर आजच सांगा. पुढे दिवाळीला पगारातून कपात होऊन त्यांना कळलं, तर तुमचा एकही शब्द ते पुन्हा मानणार नाहीत. रिचार्ज कुणी करायचा, फोन पाण्यात पडला तर पैसे कुणाचे, हेही त्याच कागदावर.

नोकऱ्यांचं तुम्हाला जीएमकडूनच लेखी आणावं लागेल: ॲपमुळे कुणालाही कमी करणार नाही, निदान अमुक हंगामापर्यंत. ते मिळालं तर सगळ्यांसमोर वाचा. नाही मिळालं तर तोंडी दिलासा अजिबात देऊ नका, कितीही वाटलं तरी. "मी लेखी मागितलंय, अजून आलेलं नाही, येईल त्या दिवशी सांगतो" इतकं खरं वाक्य पुरे. आणि जर खरंच माणसं कमी करायची योजना असेल, तर ती तुम्हाला आधी कळली पाहिजे, कारण मग हा प्रश्न ॲपचा राहत नाही. तुमच्या कायदा सल्लागारालाही मधे घ्या. कामाच्या ठरावीक अटी बदलायच्या तर कामगारांना २१ दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीनेच आलं होतं. बँकांत संगणक आले तेसुद्धा १९८३ साली संघटनांशी करार होऊन. आज तुमच्या कारखान्याला नेमकं काय लागू आहे, ते सल्लागार सांगतील.

जीएमशी बोलताना भावनेचं बोलू नका, गव्हाणीचं बोला, जिथून ऊस गाळपाला आत जातो. दसऱ्याला बॉयलर पेटेल, दिवाळीनंतर मोळी पडेल, म्हणजे गाळप सुरू होईल. त्या दिवशी ४३ चिटबॉय नुसते संगणक सांगेल तसे वागले, एक शब्द स्वतःचा न घालता, तर पहिल्या आठवड्यात किती टोळ्या बिनवाटेच्या फडात बसतील आणि "नो केन"मुळे, म्हणजे ऊसच न आल्याने, कारखाना किती तास उभा राहील, याचा हिशेब त्यांना करू द्या. त्यांच्याकडून फक्त दोन गोष्टी मागा: मोळीपर्यंतची मुदत, आणि तोवर वही व ॲप दोन्ही चालवण्याची परवानगी. दुहेरी काम होईल, तेवढ्या महिन्यांचं पेट्रोल वाढवून द्या. मोळीनंतर अधिकृत नोंद फक्त ॲपवरची, हे मात्र पहिल्याच दिवशी तारखेसह सांगा आणि त्या तारखेवरून हलू नका. मऊपणा आणि ढिलेपणा यातला फरक चिटबॉयांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. मोळीनंतरही कुणी मुद्दाम नोंद करणार नसेल, तर तेव्हा मला विचारू नका, सही करा.

जुन्या वह्या जमा करून घेऊ नका. नोंदी उतरवून झाल्या की ज्याची वही त्याच्याकडे राहू द्या.

मामांकडे कधी जायचं ते त्यांनाच विचारा, त्यांच्या गावचा बाजार असेल तो दिवस सोडून. लॅपटॉप नेऊ नका. पाऊस झालेला असेल तर गाडी पांदीच्या तोंडाशी लावून पुढे चालतच जावं लागतं. बूट घालू नका, काळ्या रानात ते दहा पावलांत जड होतात. साधी चप्पल घाला, म्हणजे हातात घेऊन चालता येईल.